पूर्वसंशोधनाचें समालोचन: प्रकार आणि प्रामाण्य

एखाद्या विषयावर आपण लेखणी उचलण्यापूर्वीं त्या विषयावर आधीं कोणीं काय लिहून ठेविलें आहे हें पाहणें, ही विद्वत्तेची पहिली पायरी होय. ही पायरी चुकविणारा मनुष्य एक तर दुसऱ्यानें केव्हांच सोडविलेलें कोडें पुनः सोडवीत बसतो, नाहीं तर दुसऱ्याची चूक आपल्या नांवावर मांडतो. या पाहण्यासच आम्ही पूर्वसंशोधनाचें समालोचन म्हणतों. विद्यापीठांतील प्रत्येक प्रबंधाचें दुसरें प्रकरण बहुधा याच कामीं खर्ची पडतें. आणि बहुधा तेंच प्रकरण कोणी वाचीत नाहीं. असें कां व्हावें, आणि कोणत्या रीतीनें लिहिल्यास हें प्रकरण वाचनीय व विश्वसनीय होईल, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

या विचारास निमित्त घडलें तें असें. आमचें बिऱ्हाड वाशिंदास. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलगाडीवरचें हें एक स्टेशन. जवळून भातसा नदी वाहते. आणि भोंवतालच्या शहापूर-मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवरून दिवाळी उलटली कीं कातकरी कुटुंबें मालकाकडून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर निघून जातात, तीं पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर मुलेंहि जातात, व शाळेच्या हजेरीपटावरील त्यांच्या नांवापुढें रिकाम्या चौकटी राहतात. आमच्या शेजारची एक मुलगी शिक्षिका असून याच मुलांच्या शिक्षणावर प्रबंध लिहीत आहे. एके दिवशीं सायंकाळीं ती आपलें दुसरें प्रकरण घेऊन आली व म्हणाली, "काका, एवढें एकदां नजरेखालून घाला." प्रकरणाच्या शिरोभागीं ठळक अक्षरांत लिहिलें होतें: 'पद्धतशीर समालोचन'. आम्हीं तिला तीनच प्रश्न विचारले. शोध कोठें घेतलास? काय वगळलेंस? तें कां वगळलेंस? ती कांहींशी ओशाळली, आणि मग सरळच म्हणाली कीं, जे लेख हातीं लागले ते वाचले; 'पद्धतशीर' हा शब्द घातल्याशिवाय आजकाल प्रकरणास वजन येत नाहीं असें मार्गदर्शकांनीं सांगितल्यामुळें तो घातला.

या मुलीस दोष देण्याची आमची इच्छा नाहीं. तिनें निदान खरें सांगितलें. ज्या मोठमोठ्या नियतकालिकांतून हा शब्द रोज छापून येतो, त्यांतील सर्वच लेखक इतक्या सरळपणानें उत्तर देतील अशी आमची खात्री नाहीं. समालोचनाचें नांव ही लेखकानें वाचकास दिलेली हमी असते. अमुक रीतीनें शोधलें, अमुक निकषानें निवडलें, असें त्या नांवानेंच तो सांगत असतो. हमी एक व काम दुसरें असें झालें म्हणजे, लेखांतील एकेक वाक्य खरें असूनहि सबंध लेख खोटा ठरतो.

समालोचनाचे दोन मुख्य प्रकार आहेत, आणि ते समजण्यासाठीं परदेशीं जावयास नको. मराठी वाङ्मयांतच त्यांचे उत्तम नमुने आहेत. पहिला नमुना आमच्या ठाणें शहरांतला. 1893 मध्यें ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें, त्याच्या संस्थापकांपैकीं विनायक लक्ष्मण भावे यांनीं पुढें 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिलें. आरंभीं निबंधरूपानें आलेलें हें लिखाण 1919 मध्यें विस्तृत ग्रंथाच्या रूपानें बाहेर पडलें. प्राचीन मराठी ग्रंथकारांचा हा इतिहास भाव्यांनीं आपल्या रसिकतेच्या व व्यासंगाच्या बळावर सांगितला आहे. कोणता कवि किती पानें घेईल, कोणाचा नुसता उल्लेख होईल, हें ठरविणारा एकच न्यायाधीश, आणि तो म्हणजे स्वतः ग्रंथकार. अशा समालोचनास कथनात्मक म्हणावें. दुसरा नमुना शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा. 1800 पासून 1937 पर्यंत छापल्या गेलेल्या मराठी ग्रंथांची नोंद करणारा तिचा पहिला खंड 1943 मध्यें प्रसिद्ध झाला. पुढील 1938 ते 1950 या काळाचा खंड 1961 मध्यें आला. येथें आवडीनिवडीस थारा नाहीं. कालमर्यादा आधींच सांगितलेली, आणि तींत बसणारें पुस्तक बरें असो वा वाईट, त्याची नोंद व्हावयाचीच. सूची कांहीं समालोचन नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु पद्धतशीर समालोचनाचा जो पाया, म्हणजे मर्यादा आधीं जाहीर करून सर्व कांहीं शोधणें, तो दात्यांच्या कामांत स्पष्ट दिसतो.

या दोहोंत श्रेष्ठ कोणतें, हा प्रश्न निरर्थक आहे. दात्यांची सूची कितीहि परिपूर्ण असली तरी ती वाचून मराठी वाङ्मयाचा प्रवाह कोठून कोठें वळला हें कळणार नाहीं. आणि भाव्यांचा ग्रंथ कितीहि रसाळ असला तरी त्यांत अमुक नाहीं म्हणून तें मराठींत नाहींच, असें अनुमान काढतां येणार नाहीं. शोधाच्या बाहेर राहिलेली गोष्ट निष्कर्ष कसा फिरवूं शकते, याचा धडाहि आपल्या वाङ्मयानेंच दिला आहे. महानुभाव पंथाचे ग्रंथ शतकानुशतकें सांकेतिक लिपींत बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे इत्यादि संशोधकांच्या परिश्रमानें ते दालन उघडलें, आणि 'लीळाचरित्रा'सारखा तेराव्या शतकांतील गद्यग्रंथ पुढें येऊन मराठी गद्याच्या आरंभाविषयींच्या कल्पनाच बदलाव्या लागल्या. तत्पूर्वींचे इतिहासकार अप्रामाणिक होते काय? मुळींच नाहीं. त्यांस जेवढें दिसत होतें तेवढें त्यांनीं लिहिलें. म्हणूनच 'आम्हांस येथवर दिसलें' एवढें एक वाक्य प्रत्येक समालोचनांत असलें पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

आतां हीच गोष्ट वाङ्मयाच्या क्षेत्रांतून विज्ञानाच्या क्षेत्रांत नेऊन पाहूं. कारण तेथें चुकीच्या समालोचनाची किंमत मनुष्याच्या प्राणांनीं मोजावी लागते. एकाच औषधावर निरनिराळ्या देशांत प्रयोग होतात; कोणी म्हणतो गुण येतो, कोणी म्हणतो येत नाहीं. पूर्वीं एखादा नामांकित वैद्य आपल्या स्मरणांत असलेल्या लेखांवरून निर्णय देत असे, व तो निर्णय बहुधा त्याच्या पूर्वग्रहास अनुकूल असे. आर्चिबाल्ड कॉक्रेन या ब्रिटिश वैद्यानें 1979 मध्यें आपल्या व्यवसायबंधूंस बोल लाविला कीं, सर्व नियंत्रित प्रयोगांचा विषयवार चिकित्सक सारांश तयार करून तो वेळोवेळीं अद्ययावत् ठेवण्याची व्यवस्था आपण केलेली नाहीं. त्याच्याच नांवानें 1993 मध्यें ऑक्सफर्ड येथें या कार्यासाठीं संस्था निघाली. बोल किती यथार्थ होता हें एका उदाहरणानें कळेल. अकालीं प्रसूत होण्याचा संभव असलेल्या स्त्रीस स्टेरॉइड दिल्यास अर्भकाचे प्राण वांचण्याचा संभव वाढतो, असें दाखविणारा पहिला प्रयोग 1972 मध्यें प्रसिद्ध झाला. मागाहून आणखीहि प्रयोग झाले. परंतु ते सर्व एकत्र मांडणारें पद्धतशीर समालोचन 1989 पर्यंत निघालें नाहीं, आणि तोंवर बहुसंख्य वैद्यांस या उपायाची खरी शक्ति उमगली नाहीं. पुरावा होता, तो वाचणारे होते. एकत्र करणारा नव्हता.

पद्धतशीर समालोचनाचे नियम सांगावयास सोपे व पाळावयास कठीण आहेत. प्रश्न आधीं लिहून ठेवावा. शक्य तर तो जाहीर नोंदवहींत नोंदवावा, म्हणजे उत्तर पाहून प्रश्न बदलण्याचा मोह होणार नाहीं. कोणत्या सूचींत, कोणत्या शब्दांनीं, कोणत्या तारखेपर्यंत शोधलें तें सांगावें. सांपडलेले लेख दोघांनीं स्वतंत्रपणें चाळावे, व मतभेद झाल्यास तिसऱ्यास विचारावें. किती लेख मिळाले, किती गाळले व कां गाळले, याचा हिशेब द्यावा. प्रत्येक अभ्यासांतील दोषांची परीक्षा करावी. शिवाय, ज्या प्रयोगांतून कांहीं निष्पन्न झालें नाहीं ते पुष्कळदां छापलेच जात नाहींत, हेंहि ध्यानांत ठेवावें. या हिशेबाचा सर्वमान्य नमुना 2009 मध्यें ठरला व 2020 मध्यें सुधारला गेला. सोसायटीच्या वार्षिक जमाखर्चासारखाच हा प्रकार होय. चोख हिशेबानें कारभार शहाणपणाचा होतो असें नाहीं. परंतु हिशेबच नसेल तर कारभार शहाणपणाचा होता कीं काय हें कळावयास मार्ग उरत नाहीं.

याच प्रकाराच्या पोटीं संख्यासमुच्चय येतो. इंग्रजींत जीन ग्लास यानें 1976 मध्यें त्यास 'मेटा-अ‍ॅनालिसिस' हें नांव दिलें. निरनिराळ्या प्रयोगांतील आंकडे गणिताच्या नियमांनीं एकत्र करून एक उत्तर काढणें, हें त्याचें स्वरूप. लहान लहान प्रयोगांतून जें अंधुक दिसतें तें यांत ठळक होतें, हा त्याचा गुण. परंतु ज्यांची बेरीज करावयाची त्या वस्तु एकाच जातीच्या आहेत काय, हें पाहण्याचें काम गणित करीत नाहीं. तें समालोचकास करावें लागतें.

हें आमच्या भागांतील शेतकऱ्यास कळेल अशा उदाहरणानें सांगतों. तांबड्या विंचवाचा दंश हें कोंकणपट्टीवरील जुनें संकट. महाड-बिरवाडी भागांत 1976 पासून काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं या दंशाचा हृदयावर होणारा परिणाम बारकाईनें टिपला, व प्राझोसिन हें औषध वापरून असंख्य रुग्ण वांचविले. पुढें प्रश्न उभा राहिला कीं, प्राझोसिनच्या जोडीस विंचवाचें प्रतिविष दिल्यास अधिक गुण येतो काय? महाड येथें 70 रुग्णांवर प्रयोग झाला व तो 2011 मध्यें प्रसिद्ध झाला. दोन्ही औषधें मिळालेल्या 35 रुग्णांपैकीं 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसतें प्राझोसिन मिळालेल्या 35 पैकीं तितक्या वेळांत 8 जण बरे झाले. आतां ट्युनिशियांत चला. तेथें 825 रुग्णांवर झालेला प्रयोग 1999 मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्यांत प्रतिविषाचा कांहींच उपयोग दिसला नाहीं. अमेरिकेंतील अ‍ॅरिझोनांत 15 मुलांवर झालेला प्रयोग 2009 मध्यें आला. तेथें प्रतिविष मिळालेलीं आठहि मुलें चार तासांत लक्षणमुक्त झालीं, व न मिळालेल्या सातांपैकीं एकच झालें.

तीन प्रयोग, तीनहि विंचवाचे, तीनहि प्रतिविषाचे. एखाद्या उतावळ्या समालोचकानें यांची रोख बेरीज केली तर काय होईल? एकंदर 910 रुग्णांपैकीं 825 ट्युनिशियाचे; म्हणजे शंभरांत नव्वद मतें एकाच देशाचीं. उत्तर जवळजवळ निश्चितपणें 'उपयोग नाहीं' असें येईल, व तें दशांशचिन्हांनीं सजवून छापलें जाईल. परंतु ट्युनिशियांतील विंचू निराळ्या जातीचे, अ‍ॅरिझोनांतील निराळ्या, आणि महाडचा आणखी निराळा. प्रत्येकाचें विष निराळें व त्यावरील प्रतिविषहि निराळें. ट्युनिशियांत दुखणें सौम्य असो वा तीव्र, सरसकट प्रतिविष दिलें गेलें होतें. महाडास तुलना प्राझोसिनशीं होती, इतरत्र निष्क्रिय द्रव्याशीं. अशा वेळीं बेरीज न करणें हेंच पद्धतशीर. तीनहि प्रयोग शेजारीं शेजारीं मांडून त्यांतील भेद कशानें पडला हें सांगणारा समालोचक, एकच आंकडा काढणाऱ्यापेक्षां अधिक शास्त्रीय होय. उलटपक्षीं, महाडच्या प्रयोगावर आमचें प्रेम असलें तरी त्याची उणीवहि सांगितली पाहिजे: रुग्णसंख्या लहान होती, आणि कोणास कोणतें औषध दिलें हें वैद्य व रुग्ण दोघांसहि ठाऊक होतें. पावसाळ्याच्या तोंडीं पेंढा उचलतांना डंख बसलेला मजूर जेव्हां प्राथमिक आरोग्यकेंद्राच्या दारांत पोंचतो, तेव्हां तेथील कपाटांत प्रतिविष असावें कीं नसावें, हें अशाच समालोचनांवरून ठरतें. म्हणून या विषयास केवळ पंडितांचा विषय म्हणून बाजूस सारतां येणार नाहीं.

या दोन मुख्य प्रकारांखेरीज इतरहि प्रकार आहेत. ग्रँट व बूथ या अभ्यासकांनीं 2009 मध्यें एकंदर 14 प्रकार मोजले. ते सर्व येथें सांगून वाचकांस शिणविण्याची आमची इच्छा नाहीं. समालोचनांचें समालोचन करणारा तो छत्रप्रकार. निर्णयाची घाई असतां कांहीं पायऱ्या उघडपणें गाळून केलेला तो शीघ्रप्रकार. नवा पुरावा येतांच बदलत राहणारा तो जिवंत प्रकार. आणि आंकड्यांऐवजीं माणसांचे अनुभव व मतें सांगणाऱ्या अभ्यासांची सांगड घालणारा तो गुणात्मक प्रकार, इतकें पुरे. परंतु एक प्रकार असा आहे कीं, आमच्या शेजारणीच्या कामास तोच योग्य होता, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों.

यास व्याप्तिदर्शक समालोचन म्हणावें. इंग्रजींत 'स्कोपिंग रिव्ह्यू' म्हणतात. आर्क्सी व ओमॅली यांनीं 2005 मध्यें त्याची रूपरेषा घालून दिली. 'अमुक उपायानें गुण येतो काय?' हा पद्धतशीर समालोचनाचा प्रश्न. 'या विषयावर आजवर काय काय लिहिलें गेलें आहे, व कोठें जागा रिकामी आहे?' हा व्याप्तिदर्शकाचा. पहिला न्यायनिवाडा होय, दुसरी जमिनीची मोजणी. मोजणी न करतां निवाडा करावयास बसलें म्हणजे काय होतें, हें आपल्याकडील बांधांच्या तंट्यांनीं सर्वांस शिकविलेंच आहे. येथेंहि शोधाचा हिशेब द्यावाच लागतो. त्यांत सूट नाहीं. वीटभट्टीवरील मुलांच्या शिक्षणासंबंधीं तुलना करण्याजोगे प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेहि तिला मिळाले नव्हते. तेथें निवाड्याची भाषा करणें म्हणजे साक्षीदार नसतां निकाल देणें होय.

तिच्या प्रकरणांतील दुसरी उणीव याहून मोठी होती, आणि ती तिची एकटीची नाहीं. तिचे सर्व शोधशब्द इंग्रजी होते. ज्या सूचींत तिनें शोध घेतला त्यांत मराठी नियतकालिकें जवळजवळ नाहींतच. आतां विचार करा: ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीं निघाल्या त्या साखरशाळा, वीटभट्टीवर निघाल्या त्या भोंगाशाळा, आईबाप बाहेरगांवीं गेले असतां मुलांस गांवींच ठेवून घेण्यासाठीं सरकारनें काढलीं तीं हंगामी वसतिगृहें. हे शब्द इंग्रजी सूचींत कोठून सांपडणार? ताराबाई मोडक यांनीं 1945 मध्यें बोर्डी येथें ग्रामबालशिक्षणाचें काम आरंभिलें, 1957 मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि अनुताई वाघ यांनीं तें पुढें चालविलें. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, या विचारानें गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं तेथें कुरणशाळा निघाली. तो भाग 2014 पासून पालघर जिल्ह्यांत मोडत असला तरी त्या वेळीं तो आपल्याच ठाणें जिल्ह्यांत होता. आदिवासी मुलांच्या शिक्षणाचा इतका प्रत्यक्ष अनुभव ज्या भाषेंत लिहून ठेविला आहे, त्या भाषेंत शोध न घेतां 'या विषयावर अल्प साहित्य उपलब्ध आहे' असें वाक्य लिहिणें, हें सत्यास धरून नाहीं. साहित्य अल्प नव्हतें, शोध अल्प होता.

यावर कोणी असा आक्षेप घेतील कीं, मराठींतील हें लिखाण आठवणींच्या, अहवालांच्या व स्फुट लेखांच्या रूपाचें आहे. त्यांत तुलनेसाठीं दुसरा गट नाहीं, मोजमाप नाहीं. मग त्यास पुरावा कसें म्हणावें? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. कार्यकर्त्यानें स्वतःच्या कामाविषयीं लिहिलेल्या हकिकतीवरून उपाय यशस्वी झाला असें ठरवितां येणार नाहीं, हें आम्हांस कबूल आहे. परंतु एखादी गोष्ट तपासून तिचें वजन हलकें ठरविणें वेगळें, आणि ती न पाहतांच नाहीं म्हणणें वेगळें. पहिली चिकित्सा होय. दुसरी केवळ गैरहजेरी. शिवाय, मोजणीच्या कामीं हकिकतहि उपयोगी पडते. कोणता उपाय कोठें व कां करून पाहिला गेला, हें तींतूनच कळतें.

शेवटीं या शब्दाच्या फाजील प्रसाराविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. पद्धतशीर समालोचनांचें पीक गेल्या तीन दशकांत इतकें माजलें कीं, 2016 मध्यें जॉन इओआनिडिस या नामांकित संशोधकानें त्यांतील पुष्कळसें निरुपयोगी, दिशाभूल करणारें वा हितसंबंधांनीं दूषित असल्याची उघड तक्रार केली. एकाच प्रश्नावर वर्षांत पांच पांच समालोचनें निघतात, व ज्या प्रश्नावर एकहि नाहीं तो तसाच पडून राहतो. पदोन्नतीसाठीं लेख हवेत, लेखासाठीं वजनदार नांव हवें, आणि नांव घालावयास खर्च नाहीं, असा हा व्यवहार आहे. आमचें मत विचाराल तर, एखाद्या जाणत्या मनुष्यानें 'हें माझ्या वाचनावरून लिहिलेलें आहे' असें सांगून लिहिलेलें कथनात्मक समालोचन आम्ही आनंदानें वाचूं. परंतु हिशेबावांचून 'पद्धतशीर' म्हणविणारें, कितीहि तक्ते त्यांत असोत, बाजूस ठेवूं.

आमच्या शेजारणीनें प्रकरण परत नेलें. पुढें दोन महिने ती रविवारच्या गाडीनें ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयांत जात होती. परवां तिनें नवें प्रकरण आणून दाखविलें. शिरोभागींचा शब्द बदलून 'व्याप्तिदर्शक' असा केला आहे. पहिल्याच पानावर शोध कोठें घेतला, कोणत्या दोन भाषांत घेतला, व कोणतीं नियतकालिकें पाहावयास मिळालीं नाहींत, याची यादी आहे. नवें शीर्षक मार्गदर्शकांस रुचेल कीं नाहीं याची तिला अजून धास्ती वाटते, आणि ती आम्हांसहि वाटते. परंतु प्रकरण आम्हीं या खेपेस शेवटपर्यंत वाचलें, आणि न पाहिलेल्या नियतकालिकांच्या त्या यादींतील दोन नांवांचे जुने अंक आमच्याच माळ्यावर निघाले, ते तिच्या स्वाधीन केले. आपल्यास काय मिळालें नाहीं हें तिनें लिहिलें नसतें, तर हें घडलें नसतें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलेंबाळें सध्यां असें दुसरें प्रकरण लिहीत असतील, त्यांनीं हे तीन प्रश्न घरच्या घरीं एकदां विचारून पाहावे. तेवढें झालें तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.